उंचावरचा गोल्फ : गुलमर्गला निघण्याआधी

गुलमर्गचा गोल्फ कोर्स सगळ्यात मागच्या टीवरून मोजला तर साडेसात हजार यार्डांच्या घरात जातो. पार ७२. पुण्या-मुंबईचा हौशी गोल्फर तिथलं बुकिंग करतो आणि त्या दिवसापासून हा आकडा त्याचा पिच्छा पुरवतो. मग ड्रायव्हिंग रेंजवर बॉलच्या बादल्याच्या बादल्या रिकाम्या होतात, नवा ड्रायव्हर विकत घेतला जातो, जिममध्ये खांदे आणि कंबर घडवण्याचं काम सुरू होतं. आमच्या गटातल्या बहुतेकांची तयारी याच वळणाने झाली होती. तिथे खेळून आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे आणि जो विचारेल त्याला मी ते सांगतो: लांबीची काळजी सोडा. लांबी तिथली विरळ हवा बरीचशी भरून देते. गुलमर्गला खेळ बिघडतो तो दुसऱ्या फटक्याला, तिरक्या जमिनीवर उभं राहताना. आणि त्याच्याही आधी तो बिघडतो आपल्या शरीरात.

जागा समजून घ्यायला हवी. चहूबाजूंनी देवदार-फरच्या जंगलाने वेढलेलं, मध्ये खोलगट असं हे कुरण समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. एका अंगाला अफरवतचा डोंगर. १८९०-९१ च्या सुमारास कर्नल नेव्हिल चेंबरलेन यांनी इथे सहा होलचा कोर्स आखला, असं सांगितलं जातं. हेच ते चेंबरलेन, ज्यांचं नाव जबलपूरला स्नूकरच्या जन्माशीही जोडलं जातं. पुढे ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकणारे ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांनी या कोर्सला नवं रूप दिलं आणि २०११ मध्ये रणजित नंदा यांच्या आराखड्यानुसार पुन्हा बांधलेला कोर्स खुला झाला. जुन्या कुरणाचे चढउतार मात्र कोणत्याच आराखड्याने पुसले नाहीत, आणि ते चांगलंच झालं. हिवाळ्यात हा सगळा परिसर बर्फाखाली जातो. जिथे आपण पट करतो तिथे लोक स्की शिकतात. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही इथे झाल्या. ज्या जमिनीवर नवशिका स्की घेऊन घसरू शकतो, तिच्यावर गोल्फचा बॉल कुठे थांबेल याचा विचार आधीच करून ठेवावा.

आता शरीराचं. आमच्या गटात एक ज्येष्ठ मित्र होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. साठी ओलांडलेली, पण घरच्या कोर्सवर अठरा होल चालत खेळणारा माणूस. सकाळी विमानाने श्रीनगर, तिथून गाडीने टनमर्ग, मग वळणावळणांचा घाट चढून गुलमर्ग, आणि दुपारी पहिल्या टीवर, असा कार्यक्रम ठरला होता. वेळ वाचावा म्हणून ट्रॅव्हलवाल्याने तो तसा आखून दिला होता. पुणे ५६० मीटरवर आहे. म्हणजे उठल्यापासून जेवणापर्यंतच्या वेळात शरीर दोन हजार मीटर वर चढलेलं असतं. पहिले चार-पाच होल अण्णा उत्साहात खेळले. मग त्यांचं बोलणं कमी झालं. कपाळावरून हात फिरवत ते एका टीजवळ बसले आणि म्हणाले, "डोकं ठणकतंय रे. मळमळतंयही." त्यांच्या कॅडीने पुढचा क्लब काढलाच नाही. बॅग खांद्याला लावून तो म्हणाला, "साब, आज बस. कल खेलेंगे." आम्ही सगळेच परतलो. डॉक्टरांनी तपासलं, विश्रांती, भरपूर पाणी आणि हलकं जेवण सांगितलं, आणि त्रास वाढला तर रात्र न बघता खाली उतरायचं, हेही बजावलं. सुदैवाने सकाळपर्यंत ते सावरले.

विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. गुलमर्ग त्या रेषेच्या जेमतेम वर आहे, म्हणूनच फसवं आहे. लडाखला जाणारा माणूस सावध असतो; गुलमर्गला जाणारा सहलीच्या मनःस्थितीत असतो. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या पाऊणपटीपेक्षाही थोडा कमी भरतो, तेवढाच प्राणवायू प्रत्येक श्वासात कमी येतो. याचा तंदुरुस्तीशी फारसा संबंध नाही. धावणाऱ्यालाही डोकेदुखी गाठते आणि बैठं काम करणारा एखादा मजेत राहतो. तेव्हा पहिला दिवस खेळायचं नाही, हा माझा पहिला सल्ला, आणि यात मी तडजोड सुचवत नाही. जमलं तर आदली रात्र श्रीनगरला काढा. ते १,६०० मीटरच्या आत-बाहेर आहे, आणि तिथे झबरवानच्या पायथ्याशी रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांनी आखलेला रॉयल स्प्रिंग्ज कोर्स आहे. तिथे एक फेरी खेळून वर गेलात तर शरीर आणि स्विंग दोन्ही एक पायरी चढलेले असतात.

गोंडोलाबद्दलही सांगायला हवं, कारण हा घोटाळा अनेकांच्या हातून होतो. रोपवेचा दुसरा टप्पा अफरवतवर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. सकाळी गोंडोला, दुपारी गोल्फ असा बेत फार सोयीचा वाटतो. वर जाऊन आलेलं शरीर दुपारी अठरा होल चालण्याच्या स्थितीत नसतं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी करा, आणि आधी गोल्फ करा. पहिल्या रात्री मद्य टाळा. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावं. "काश्मीरला जातोय" एवढं सांगून भागत नाही. आणि ऊन. हवा गार असते म्हणून कोणी मनावर घेत नाही, पण दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता दहा-बारा टक्क्यांनी वाढते. मानेची मागची बाजू आणि ग्लोव्ह नसलेला हात पहिल्याच फेरीत भाजून निघतो.

शरीर मार्गावर आलं की मग क्लबचा हिशोब. विरळ हवेत बॉलला अडथळा कमी होतो आणि तो लांब जातो. ढोबळ हिशोब असा की दर हजार फूट उंचीला अंतर एक टक्क्याहून किंचित जास्त वाढतं. गुलमर्ग ८,७०० फुटांच्या आसपास, म्हणजे दहा टक्के. पुण्यात आपल्याला दोन टक्के आधीच मिळालेले असतात, म्हणून फरक उरतो साधारण आठ टक्क्यांचा. पुण्यात दीडशे यार्ड जाणारा आयर्न इथे एकशे बासष्टला पडतो. मुंबईकराने दहा टक्के धरावेत, त्याचा तोच आयर्न एकशे पासष्ट जाईल. वेज आणि हळू स्विंग यांना हा फायदा कमी मिळतो. आमच्यातले जोरकस खेळाडू पहिल्या दिवशी ग्रीनच्या मागच्या झाडीत बॉल शोधत होते आणि ज्यांचा फटका मुळातच छोटा आहे ते ग्रीनवर होते, त्याचं कारण हे.

पण एवढ्यावर थांबू नका. ज्या हवेमुळे बॉलला अडथळा कमी होतो, तिच्याचमुळे त्याला वर उचलून धरणारा जोरही कमी होतो. बॉल कमी उंच उडतो, कमी कोनात खाली येतो आणि पडल्यावर जास्त पळतो. घरी ज्या सात नंबरने बॉल ग्रीनवर टपकून थांबतो, त्याच फटक्याला इथे तो मागच्या कडेपर्यंत जातो. स्लाइस आणि हूकही थोडे कमी वळतात. ज्यांचा बॉल सवयीने उजवीकडे जातो त्यांनी घरच्या इतकं डावीकडे धरू नये. आणि सकाळच्या गारठ्यात हिशोब पुन्हा बदलतो. पारा दहा अंशांनी उतरला की मोठ्या फटक्यात दोन-चार यार्ड जातात, शिवाय अंगावर जाड स्वेटर असला की खांदा पूर्ण वळत नाही. तेव्हा सकाळच्या पहिल्या होल्सना आठ टक्के धरू नका, चार-पाच धरा. ऊन वर आलं की पूर्ण धरा. रेंजफाइंडर असेल तर चढउतार मोजून देणारी सोय सरावात जरूर वापरा. स्पर्धेत मात्र ती बंद ठेवावी लागते, नियम क्रमांक ४.३ तसं सांगतो.

ती सोय नसेल तर चढउतारासाठी एक साधं गणित पुरतं. ग्रीन जितके यार्ड खाली, साधारण तितके यार्ड अंतरातून वजा करा. वर असेल तर मिळवा. डोळा इथे फसतो, कारण सभोवतालचे डोंगर इतके मोठे असतात की दहा यार्डांचा उतार सपाटीसारखा दिसतो. कॅडीला विचारा. त्याला तो आकडा पायांनी माहीत असतो.

आता मी ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन ती: तिरकी जमीन. आपले शहरातले कोर्स बऱ्यापैकी सपाट. फेअरवेवर बॉल पडला म्हणजे पाय एका पातळीत, हे आपण गृहीत धरतो. गुलमर्गला उत्तम ड्राइव्ह मारून तुम्ही बॉलपाशी पोचता तेव्हा एक पाय वर, एक खाली, किंवा बॉल घोट्याच्या वर तरी असतो नाहीतर खाली. आणि इथे ताकद काहीच कामाची नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी सांगतो. डावऱ्यांनी दिशा उलटी वाचावी.

बॉल पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जातो. क्लब खाली धरा, ताठ उभे राहा, आणि लक्ष्याच्या उजवीकडे नेम धरा. जितका छोटा लोखंडी क्लब आणि जितका जास्त लॉफ्ट, तितका हा ओढा जास्त. वेजने तर बॉल चांगलाच डावीकडे पळतो. बॉल पायांपेक्षा खाली असेल तर तो उजवीकडे जातो, आणि चार प्रसंगांतला हा दुसऱ्या क्रमांकाचा कठीण. गुडघे अधिक वाकवा, वजन टाचांकडे ठेवा, आणि फटक्याच्या मध्ये वर उठू नका. उठलात की बॉलचा माथा लागतो. अशा वेळी पूर्ण स्विंग घेऊच नये. पाऊण स्विंग, एक मोठा क्लब, आणि तोल संपेपर्यंत टिकला पाहिजे.

चढावर, म्हणजे डावा पाय वर असताना, बॉल उंच जातो, कमी लांब जातो आणि किंचित डावीकडे. खांदे उताराला समांतर करा, एक क्लब मोठा घ्या. हा सोपा. सगळ्यात अवघड उतारावरचा फटका, डावा पाय खाली. लॉफ्ट कमी होतो, बॉल खाली राहून जातो आणि पडल्यावर थांबत नाही. आपलं मन सांगतं, बॉल वर उचल. उचलायला गेलं की क्लब आधी मातीला लागतो. खांदे उताराला समांतर, वजन डाव्या पायावर, बॉल थोडा उजव्या पायाकडे, आणि फटका मारल्यावर क्लबने उतारावरून खाली जमिनीच्या कडेने जात राहायचं. फटक्यानंतर उजवा पाय एक पाऊल पुढे पडला तर पडू द्या. उतारावर तीन नंबर वूड काढणारे लोक मी पाहिले आणि त्यांचे बॉल तीस यार्डांवर गवतात पाहिले. तिथे मध्यम आयर्नने फेअरवेत बॉल ठेवणं हेच खरं कौशल्य आहे.

याचा सराव निघण्याआधी करता येतो. पुण्याजवळ टेकड्यांमध्ये वसलेला ऑक्सफर्डचा कोर्स आहे. तिथे एक फेरी खेळलात तर हे चारही प्रसंग भेटतील. तेही शक्य नसेल तर रेंजच्या कडेला कुठलाही बांध, उतार बघा आणि बॉलशिवाय स्विंग घ्या. तोल शिकायला बॉल लागत नाही. बादल्या रिकाम्या करण्यात जाणारा वेळ इथे द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

ग्रीनवर पुन्हा डोळ्यांची परीक्षा. भोवतालची सगळी जमीन एका बाजूला झुकलेली असली की त्यातल्या त्यात कमी झुकलेला ग्रीन सपाट वाटतो, कधीकधी उलट दिशेनेही झुकल्यासारखा वाटतो. तेव्हा ग्रीनकडे चालत येतानाच, पन्नास-साठ यार्डांवरून, पाणी सांडलं तर कुठे जाईल हे पाहावं. डोंगर कुठे आहे आणि नाला कुठे आहे, एवढं कळलं की बरंच कळतं. डोळा सांगतो सरळ आणि डोंगर सांगतो डावीकडे, असा पेच पडला तर मी डोंगराचं ऐकतो. पटच्या आधी ग्रीनच्या खालच्या बाजूला जाऊन वाकून पाहा, वरून पाहिलेला उतार नेहमी कमी भासतो. आणि ग्रीनवर येणारा फटका झेंड्याच्या अलीकडे, खालच्या बाजूला ठेवा. वरून खाली येणारा पट थांबवणं फार जड जातं. खालून वर जाणारा पट मोकळेपणाने मारता येतो.

उन्हाळ्यात रफमध्ये डेझीची पांढरी फुलं पसरलेली असतात. दृश्य फार सुंदर, आणि त्यात पांढरा बॉल पाच पावलांवरूनही दिसत नाही. पिवळे किंवा नारिंगी बॉल न्या. २०१९ पासून हरवलेला बॉल शोधायला तीन मिनिटंच मिळतात, पूर्वी पाच मिळत. शंका आली की टीवरूनच "प्रोव्हिजनल" असं स्पष्ट म्हणून दुसरा बॉल खेळा. परत चढ चढून टीवर येणं या उंचीवर दमछाक करणारं आहे. बॉल झाडाच्या मुळाशी, दगडाला टेकून सापडला तर एक फटका दंड घेऊन न खेळण्याजोगा जाहीर करा. मनगट जपा.

विजेबद्दल मी कोणाचंही मन राखत नाही. डोंगरात ढग दुपारनंतर जमतात, आणि जमायला लागले की फार वेळ देत नाहीत. आमच्या एका फेरीत शेवटून तिसऱ्या होलला अफरवतच्या मागे गडगडलं. ऊन होतं, पाऊस नव्हता. गटातल्या दोघांचा स्कोअर त्या दिवशी फार चांगला चालला होता आणि त्यांना तो होल तरी संपवायचा होता. कॅडींनी बॅगा उचलल्या आणि ते चालू लागले, आम्हीही त्यांच्या मागे निघालो. क्लबहाउसमध्ये पोचून ओले मोजे काढेपर्यंत कुरणावर गारा पडत होत्या. गडगडाट ऐकू येतो याचा अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. बंद इमारत किंवा बंद मोटार, एवढेच दोन आसरे. झाड नाही, उघडी शेड नाही, गोल्फ कार्ट नाही, छत्री तर नाहीच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत बसा. १९७५ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न ओपनमध्ये ली ट्रेव्हिनो आणि त्यांच्याबरोबर आणखी दोन व्यावसायिक खेळाडूंना विजेचा तडाखा बसला. ट्रेव्हिनोंना पुढे पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली. वीज जवळ आली असं वाटल्यावर खेळ थांबवायला नियमही परवानगी देतात, कोणाच्या भोंग्याची वाट पाहायची गरज नाही. म्हणून वेळ सकाळची घ्या, आणि दुपारच्या जेवणाआधी कोर्सबाहेर असा.

मागच्या टीवरून खेळण्याचा मोह सोडा. पुढच्या टीवरून तोच डोंगर, तीच हवा, तीच आव्हानं मिळतात, फक्त लांबीच्या आशेने ड्रायव्हर ओढावा लागत नाही. पहिली फेरी स्टेबलफोर्ड पद्धतीने खेळा. त्यात एखादा होल बुडाला तर तिथे शून्य गुण मिळतात आणि प्रकरण संपतं. दहा-अकरा फटके कार्डावर लिहून पुढचे चार होल कडवट होत नाहीत. या फेरीत नऊच होल खेळलात तरी ते पुरेसे आहेत. पावसाळी जॅकेट, सुके मोजे, दोन-तीन ग्लोव्ह, बुटांचा दुसरा जोड आणि खिशात सुकामेवा, एवढं बॅगेत असू द्या. पाणी तहान लागण्याआधी प्या. थंडीत तहान कळत नाही.

कॅडीबद्दल मनापासून सांगायचं आहे. ही मंडळी याच परिसरातली. वर्षातले कितीतरी महिने कोर्स बर्फाखाली असतो, म्हणजे त्यांचा हंगाम छोटा. आपण ज्या माहितीसाठी यंत्रं विकत घेतो ती त्यांच्या पायांत आणि डोळ्यांत असते, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही, कारण साहेब लोकांना न विचारता सांगितलेलं रुचत नाही असा त्यांचा अनुभव आहे. पहिल्या टीवर त्यांचं नाव विचारा. आपला सात नंबर घरी किती जातो ते सांगा आणि पुढे क्लब त्यांना निवडू द्या. "एक क्लब कम लीजिए" असं ते म्हणाले की वाद न घालता एक कमी घ्या. अण्णांनी दुसऱ्या दिवशी नेमकं हेच केलं. ड्रायव्हर बॅगेतच राहिला, कॅडीने दिलेला क्लब त्यांनी प्रत्येक वेळी निमूट घेतला, आणि आमच्या चौघांत सर्वांत जास्त गुण त्यांचे आले. निघताना ठरलेल्या रकमेवर मोकळ्या हाताने द्या.

तिथे असताना प्रत्येक क्लबचं अंतर एका वेगळ्या छोट्या वहीत लिहून ठेवा, आणि ती वही घरच्या अंतरांच्या नोंदीत मिसळू नका. परतल्यावर पहिल्या फेरीत सगळे फटके ग्रीनच्या अलीकडे पडतात. लोक घाबरून स्विंग बदलायला घेतात, प्रशिक्षकाकडे धावतात. स्विंगला काही झालेलं नसतं. दोन हजार मीटर खाली आल्यावर ते आठ टक्के परत गेलेले असतात. पुण्यातले जुने आकडे काढा आणि त्यावरच खेळा.